ही वस्तू नसती तर? रेंजचा हिशेब मांडताना

वर्षअखेरीला बऱ्याच धंद्यांत एक बैठक ठरलेली असते. विक्रीची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावायची, तळाच्या वीस-पंचवीस वस्तूंवर लाल रेघ मारायची आणि रेंज, म्हणजे आपण विकतो त्या वस्तूंची यादी, आटोपशीर झाली म्हणून उठायचं. सहा महिन्यांनी पाहावं तर खर्च होता तिथेच असतो आणि वरच्या वस्तूंचा खपही थोडा उतरलेला असतो.

विक्रीचा आकडा वस्तू किती गेली एवढंच सांगतो. ती यादीत नसती तर गिऱ्हाइकाने काय केलं असतं, आपलीच दुसरी घेतली असती, दुसऱ्याकडे गेला असता की काहीच न घेता फिरला असता, हे त्यात दिसत नाही. नवी वस्तू आणायची का, जुनी काढायची का, भाव काय ठेवायचा, जाहिरातीचा पैसा कशावर लावायचा, या सगळ्या निर्णयांचं उत्तर मात्र त्या न दिसणाऱ्या भागातच असतं. म्हणून खाली जे काही आहे ते या एकाच प्रश्नाभोवती फिरतं.

आधी तक्ता

एका ओळीत एकच विकली जाणारी वस्तू. साइझ वेगळा, रंग वेगळा किंवा पॅक वेगळा असेल तर ओळही वेगळी. मॉडेलवार तक्ता दिसायला सुटसुटीत असतो, पण एकाच मॉडेलचे दोन साइझ धावत असतात आणि तीन गोदामात झोपलेले असतात, ते त्यात झाकलं जातं.

रकाने असे ठेवा: १२ महिन्यांत गेलेले नग, नगामागची निव्वळ वसुली, नगामागचा बदलता खर्च (नग वाढले की वाढतो तो), दोन्हींतला फरक, सरासरी साठा, माल हातात होता असे आठवडे, आणि किती वेगवेगळ्या ग्राहकांनी घेतला. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. दोन मोठ्या ग्राहकांच्या जिवावर चालणारी वस्तू आणि दोनशे लहान ग्राहकांत विखुरलेली वस्तू यांचा वार्षिक खप सारखा असू शकतो, पण दोघींबद्दलचा निर्णय सारखा नसतो.

निव्वळ वसुलीत घोळ सर्वांत जास्त होतो. समजा छापील भाव १००, डीलरला २० टक्के सूट, म्हणजे हातात ८०. त्यावर ‘दहावर एक फुकट’ ही स्कीम. आता ८०० मध्ये ११ नग गेले, म्हणजे नगाला ७२.७. बदलता खर्च ५५ असेल तर स्कीमशिवाय नगामागे २५ उरत होते, स्कीममध्ये १७.७ उरतात. माल फुकट गेला ९ टक्के, उरणारी रक्कम घटली २९ टक्के. विक्री विभागाच्या अहवालात हीच स्कीम ‘९ टक्क्यांची’ म्हणून नोंदलेली असते. परत आलेला माल, वाहतूक, कमिशन हेही याच ठिकाणी, वस्तूनिहाय, वजा झालं पाहिजे. सगळ्या वस्तूंवर सरसकट ३ टक्के परतावा धरला तर जिची १२ टक्के परत येते ती वस्तू मजेत लपून राहते.

दुसरा घोळ हातातल्या मालाचा. वर्षभरात १२० नग गेले म्हणजे महिन्याला १०, हा हिशेब माल बाराही महिने उपलब्ध असेल तरच खरा. तो ५ महिनेच होता तर खपाचा वेग महिन्याला २४ आहे. अशी वस्तू ‘मंद’ ठरवून काढली जाते, आणि दोष असतो खरेदीचा. तळाची यादी काढण्याआधी खप नेहमी माल असलेल्या आठवड्यांनी भागा. पुष्कळ लाल रेघा इथेच पुसल्या जातात.

खर्च वाटून घेतला की वस्तू तोट्यात दिसते

आता मधला फरक, म्हणजे वसुली वजा बदलता खर्च. अकाउंटंट याला काँट्रिब्युशन म्हणतात. निर्णय याच्यावर घ्यायचा. भाडं, पगार वगैरे स्थिर खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटून उरलेल्या ‘निव्वळ नफ्यावर’ नाही. का ते आकड्यांत पाहू.

तीन वस्तू आहेत. ‘अ’ची विक्री ५००, काँट्रिब्युशन २००. ‘ब’ची ३०० आणि १०५. ‘क’ची २०० आणि ५०. एकूण काँट्रिब्युशन ३५५, स्थिर खर्च ३००, नफा ५५. स्थिर खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटला तर अ, ब, क यांच्या वाट्याला १५०, ९० आणि ६० येतात. म्हणजे ‘अ’ला ५० नफा, ‘ब’ला १५ नफा आणि ‘क’ला १० तोटा. ‘क’ बंद करा, असं कोणीही म्हणेल. बंद केली. भाडं आणि पगार तेवढेच राहिले, नफा ५५ वरून ५ वर आला. आता तेच ३०० दोघींत वाटले की ‘ब’च्या वाट्याला ११२.५ येतात, आणि कालपर्यंत नफ्यातली ‘ब’ ७.५ तोट्यात जाते. तीही बंद केली तर ‘अ’चे २०० उरतात आणि समोर ३०० चा खर्च. प्रत्येक पायरीवर तक्त्याने ‘तोट्यातली’ वस्तूच काढायला सांगितली होती!

‘क’ गेल्यावर खरोखर वाचणारा खर्च असेल, उदाहरणार्थ फक्त तिच्यासाठी भाड्याने घेतलेली जागा किंवा तिच्याचसाठी ठेवलेला माणूस, तर तो अवश्य तिच्या नावावर टाका. तो ५० पेक्षा जास्त निघाला तर ती जाऊ दे. फक्त वाचणारा खर्च आणि वाटलेला खर्च यांची गल्लत नको.

एक अपवाद मोठा आहे. यंत्राचा वेळ, कुशल कारागिराचे तास किंवा शोरूममधली जागा अपुरी असेल, तर नगामागचं काँट्रिब्युशन पाहू नका, त्या अपुऱ्या गोष्टीच्या एककामागचं पाहा. एक वस्तू नगाला ४० देते पण यंत्रावर २० मिनिटं घेते, दुसरी ३० देते आणि १० मिनिटं घेते. तासाला पहिली १२०, दुसरी १८०. यंत्र पूर्ण भरलेलं असताना पहिलीची जाहिरात करणं म्हणजे पैसे देऊन नुकसान ओढवून घेणं, आणि सेल्समनला इन्सेंटिव्ह मात्र पहिलीवरच जास्त असतो कारण ती ‘जास्त मार्जिनची’.

साठ्यात अडकलेलं भांडवलही बघा. वर्षाचं काँट्रिब्युशन भागिले सरासरी साठ्याची किंमत, एवढा एक भागाकार पुरतो. मार्जिन जाड पण वर्षात दोनदाच फिरणारी वस्तू आणि मार्जिन पातळ पण दहादा फिरणारी, यांचा खरा क्रम तिथे कळतो.

तळाच्या वस्तूंची चौकशी

काही वस्तू स्वतः कमावत नाहीत, दुसरीला विकायला मदत करतात. जोडणीचा सुटा भाग, क्वचित लागणारा मोठा साइझ, बदली फिल्टर. त्या नसल्या तर ग्राहक मुख्य वस्तूही दुसरीकडून घेतो, कारण त्याला एका ठिकाणी सगळं हवं असतं.

हे तपासायला लोक बिलं काढतात: ही वस्तू ज्या बिलात आहे ते बिल सरासरीपेक्षा मोठं आहे का? चाचणी फसवी आहे. मोठ्या बिलात कोणतीही वस्तू सापडण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक किरकोळ वस्तू ‘मोठी बिलं आणणारी’ ठरते. त्यापेक्षा माल संपला होता ते आठवडे शोधा. तो फुकटात झालेला प्रयोग आहे. ती वस्तू नेहमी घेणाऱ्या ग्राहकांनी त्या काळात काय केलं? आपलाच दुसरा साइझ घेतला तर वस्तू बदलता येण्याजोगी आहे. ऑर्डर तशीच आली, फक्त ती ओळ नव्हती, तर तिच्यावाचून अडत नाही. आणि ऑर्डरच आली नाही तर तिच्यावरची लाल रेघ पुसा, मग तिचा स्वतःचा खप कितीही लहान असो.

असे आठवडे सापडत नसतील तर ते मुद्दाम तयार करता येतात: दोन-तीन भागांत वस्तू ८ ते १२ आठवडे यादीतून काढायची, तशाच दुसऱ्या भागांत ठेवायची, आणि दोन्हीकडचं एकूण काँट्रिब्युशन ताडून पाहायचं. काळ निदान दोन पुनर्खरेदींएवढा हवा. ग्राहक तीन महिन्यांनी पुन्हा येत असेल तर चार आठवड्यांच्या प्रयोगाला अर्थ नाही.

रंग, साइझ, व्हेरियंट

मागणी तेवढीच ठेवून वस्तूचे चार रंग केले तर खर्च कुठे वाढतो? छपाई, सेटिंग वगैरे दिसतंच. न दिसणारा खर्च साठ्यात असतो. आठवड्याच्या मागणीचा चढउतार, संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो ४० नगांचा आहे असं धरा. माल यायला एक आठवडा लागतो आणि ९५ टक्के वेळा माल शिल्लक हवा, तर ९५ टक्क्यांसाठीच्या १.६५ या गुणकाने गुणून ६६ नगांचा सेफ्टी स्टॉक, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जादा साठा, लागतो. आता मागणी चार रंगांत सारखी विभागली आणि रंगांची मागणी एकमेकींवर अवलंबून नाही. प्रत्येक रंगाचा चढउतार १० होत नाही, २० होतो. कारण विचलन वर्गमुळाने घटतं. चार रंगांचा मिळून सेफ्टी स्टॉक १३२. विक्री एका नगानेही न वाढता साठा दुप्पट. नऊ रंग केले तर तिप्पट. प्रत्यक्षात रंगांची मागणी सारखी विभागत नाही, पण दिशा हीच असते.

यावर उत्तर नेहमी रंग कमी करणं हेच नसतं. फरक शक्य तितक्या उशिरा पाडा. रंगाच्या दुकानात बेस आणि रंगद्रव्यं ठेवून मागेल ती छटा तिथल्या तिथे बनवतात, शेकडो छटांचे डबे साठवत नाहीत. कपडे बनवणाऱ्या बेनेटनने आधी विणून नंतर रंगवायची पद्धत वापरली तीही यासाठीच. लेबल, झाकण, प्लग, भाषा छापलेलं खोकं, जे शेवटी लावता येईल ते शेवटी लावा.

‘पर्याय जास्त असले की गिऱ्हाईक गोंधळतं आणि घेतच नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम बहुधा मानसशास्त्रज्ञ अय्यंगार आणि लेपर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असतो: दुकानात जॅमचे २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण पुढे २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. ग्राहकाला स्वतःला काय हवं ते ठाऊक असेल तर भरपूर पर्याय त्याला त्रास देत नाहीत. त्याला ते ठाऊक नसेल आणि पर्यायांतला फरकही सांगता येत नसेल तेव्हा तो अडतो. म्हणून कात्री लावण्याआधी मांडणी सुधारून बघा: आधी उपयोगाप्रमाणे गट, मग गटात साइझ. दोन शेजारच्या वस्तूंतला फरक विक्रेत्याला एका वाक्यात सांगता आला नाही, तर मात्र त्यातली एक जादा आहे.

कात्री लागते तेव्हा ती जोरातही चालवावी लागते. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्झ परतल्यावर ॲपलने संगणकांची रेंज चार चौकटींत आणली: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. त्या वर्गीकरणाची ताकद अशी की कोणता संगणक कोणासाठी, हे यादी न वाचताही कळतं.

नवी वस्तू कोणाचा खप खाते

नव्या वस्तूच्या प्रस्तावात विक्रीचा अंदाज ठळक असतो आणि ती विक्री कुठून येणार हा रकानाच नसतो. जुनी वस्तू नगाला ४० देते, नवी ३० देणार. नवीचे १,००० नग जातील असा अंदाज. त्यातले ६०० आपल्याच जुनीचे ग्राहक असतील तर ३०,००० वजा २४,०००, म्हणजे फायदा ६,०००. आपलेच ८०० असतील तर ३०,००० वजा ३२,०००, म्हणजे २,००० तोटा. मर्यादा काढायला सूत्र सोपं आहे: नवीचं काँट्रिब्युशन भागिले जुनीचं. इथे ३० भागिले ४०, म्हणजे ७५ टक्के. नवीच्या विक्रीत आपल्याच ग्राहकांचा वाटा याच्या वर जाईल असं वाटत असेल तर भाव, पॅक किंवा विकण्याचं ठिकाण बदला, नाहीतर प्रस्ताव बाजूला ठेवा. नवीचा सुरुवातीचा खर्च, साचे, जाहिरात, दुकानात भरायचा पहिला माल, हा यात अजून धरलेलाच नाही. तो धरला की मर्यादा आणखी खाली येते.

इथेही तोच प्रश्न विचारायचा. नवी आणली नाही तर जुनीचे ते ग्राहक खरंच टिकणार आहेत का? प्रतिस्पर्धी स्वस्त पर्याय घेऊन दारात उभा असेल तर त्यातले बरेच तसेही जाणार. जे तसेही जाणार होते त्यांना आपल्याच वस्तूने खाल्लं असं मोजायचं नाही. जुनीला जपण्याच्या नादात नवी अडवून ठेवणारे धंदे हीच बेरीज चुकवतात.

भावाची शिडी

एका गटात तीन पायऱ्या पुष्कळ झाल्या. चौथी हवी असेल तर तिसरी काय चुकीचं करते आहे ते आधी सांगा. तीनपैकी मधली पायरी निवडण्याकडे लोकांचा कल असतो, हे मार्केटिंगचे अभ्यासक सायमन्सन यांनी १९८९ मध्ये दाखवलं. म्हणून वरची पायरी कमी विकली गेली तरी मधलीला उचलून धरते. तिच्यावर ‘खप नाही’ म्हणून रेघ मारली की मधली सर्वांत महाग होते आणि लोक खाली सरकतात. मात्र वरच्या पायरीचा माल मोजकाच ठेवा, ती बहुतांशी दाखवण्यासाठी आहे.

अर्ध्याहून अधिक लोक तळाची पायरी घेत असतील तर बहुधा तळाची वस्तू गरजेपेक्षा चांगली बनली आहे, किंवा मधल्या पायरीची उडी मोठी आहे. भाव १००, १८०, २०० असे असतील तर मधलीकडे कोण बघेल? १००, १४०, २०० ठेवून बघा. आणि तळाच्या वस्तूतून काही काढायचं झालं तर सोय काढा, टिकाऊपणा काढू नका. ग्राहकाला बिघाड लक्षात राहतो तो ब्रँडच्या नावाने, पायरीच्या नावाने नाही.

सवलत द्यायच्या आधी हा भागाकार करा: सूट भागिले (मार्जिन वजा सूट). मार्जिन म्हणजे इथे काँट्रिब्युशन, भावाच्या टक्क्यांत. मार्जिन ४० टक्के आणि सूट १० टक्के, तर १० भागिले ३०, म्हणजे खप ३३ टक्के वाढला तर आपण होतो तिथेच. मार्जिन ३० टक्के असेल तर ५० टक्के वाढ लागते. उलट भाव १० टक्के वाढवला आणि मार्जिन ३० टक्के, तर २५ टक्के नग गमावूनही उरणारी रक्कम तेवढीच राहते. सवलतीच्या महिन्यात डीलरने भरून ठेवलेला माल पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरमधून वजा होतो, म्हणून मोजायचे ते सवलतीचे चार आठवडे नव्हेत. आधीचे आणि नंतरचे धरून तीन महिने. डीलरकडून पुढे किती विकला गेला हा आकडा मिळत असेल तर त्याहून चांगलं.

जाहिरातीचा पैसा

बजेट विक्रीच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत आळशी आहे. सर्वांत जास्त खपणारी वस्तू जाहिरात निम्मी केली तरी कदाचित तेवढीच खपते, कारण तिला सगळे ओळखतात. पुढचा पैसा कुठे फरक पाडेल ते बघायचं, सरासरी कुठे चांगली दिसते ते नाही. त्यासाठी दरवेळी एखादा भाग जाहिरातीविना ठेवा. तुलनेला काहीतरी उरतं.

पूर्ण रेंजची जाहिरात करू नका. चेहरा म्हणून एक वस्तू निवडा: फरक चटकन कळेल अशी, माल सदैव हातात असेल अशी, आणि जिच्यासोबत इतर वस्तू विकल्या जातात अशी. मोहीम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी ती प्रत्येक दुकानात पोचली का ते मोजा. जाहिरात बघून आलेल्या माणसाला दुकानदार शेजारची वस्तू देतो, आणि शेजारची आपली असतेच असं नाही.

बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये मांडलेली चार चौकटींची आकृती अजून प्रत्येक सादरीकरणात येते. तिचा आडवा अक्ष सापेक्ष वाटा दाखवतो, म्हणजे आपली विक्री भागिले सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याची विक्री. लहान धंद्याला हा भाजक माहीतच नसतो, मग अंदाजाने ठिपके टाकले जातात. शिवाय ती आकृती मुळात वेगवेगळ्या व्यवसायांत पैसा वाटण्यासाठी आहे. एकमेकींना विकायला मदत करणाऱ्या वस्तू तिच्यात सुट्या पडतात आणि बदली फिल्टर ‘डॉग’, म्हणजे काढून टाकण्याजोगा, ठरतो.

काढायचं ठरलं तर

आधी खरेदी थांबवा, घोषणा नंतर. शिल्लक कच्चा माल, पॅकिंग आणि छापील लेबलं यांपैकी सर्वांत कमी काय आहे ते बघून अजून किती नग बनतील ते काढा. तेवढ्यावर शेवटच्या ऑर्डरची तारीख ठरते. ग्राहकांना कळवताना पत्रात पर्यायी वस्तूचा कोड आणि दोन्हींतला फरक लिहा, ‘बंद झाली आहे’ एवढंच नको. सुट्या भागांची हमी दिलेली असेल तर ते भाग आधी बाजूला काढा, कारण उरलेला माल विकण्याच्या घाईत तेही निघून जातात.

काढलेल्या वस्तूचा कोड नव्या वस्तूला कधीही देऊ नका. दोन वस्तूंचा इतिहास एका ओळीत मिसळला की पुढच्या वर्षीचा तक्ता निरुपयोगी होतो.

तीन महिन्यांनी मोजा: बंद केलेल्या वस्तूच्या नेहमीच्या ग्राहकांपैकी किती जण आपल्याच पर्यायावर आले, किती जण ती ओळ सोडून बाकी ऑर्डर देत राहिले, किती जण पूर्ण गेले. हे तीन आकडे तक्त्यात त्याच गटासमोर नव्या रकान्यात लिहा. पुढच्या वर्षी त्या गटातल्या वस्तूवर रेघ मारायची वेळ येईल तेव्हा अंदाज करत बसावं लागणार नाही.